यांच्या बाटलीतलं पाणी

ये गं, आत ये. अशी दारात चपला घालून काय उभी राहतेस परक्यासारखी? किती महिने झाले तोंड दाखवून! फोनवर नुसतं 'येते, येते'. बस इथे, माझ्याजवळ. पंखा लागतोय ना? आणि मी बोलायला लागले की मधे मोबाईल बघायचा नाही, आधीच सांगते. कारण आज जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलाला नाही. देवासमोरसुद्धा मोठ्यानं बोलले नाही. आणि मला राग आलाय. खूप राग आलाय. कुणाचा, ते कळेलच तुला.

सुरुवात कुठून करू? बाटल्यांपासून करते.

तोंड वासू नकोस. हो, बाटल्या. जिन आणि व्होडका. तुझी ही सत्तरीची मैत्रीण, जिच्याकडून तू लोणच्याचा मसाला घेऊन जातेस, ती जिन पिते. आवडीनं पिते. झालं? मिटव आता तोंड.

मला हे शिकवलं ऋचानं, माझ्या सुनेनं. पार्ल्याची मुलगी, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, आणि आल्या दिवसापासून काहीही लपवून न करणारी. ती आणि माझा निखिल, दोघांना बाटल्या जमवायचा नाद. गोव्याला गेले की आण, कोणी परदेशातून आलं की मागव. शोकेसमध्ये माझ्या बाहुल्या होत्या, त्यांच्या शेजारी ह्या बाटल्या आल्या. मी नाक मुरडलं. मग एका शनिवारी दुपारी निखिल बाहेर गेलेला, ऋचा बाल्कनीत दोन छोटे ग्लास घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, पिऊ नका. नुसता वास घ्या. दोन्हींत फरक काय, सांगा."

आता वासाचं म्हणशील तर माझं नाक कसं आहे तुला माहितीये. मसाला भाजताना खालच्या मजल्यावरून सांगीन धणे करपले म्हणून. मी पहिला ग्लास हुंगला. म्हटलं, ह्यात धणे आहेत. आणि पेन्सिलीला टोक काढलं की येतो ना, तो वास. दुसरा हुंगला तर वेखंड! बाळाला न्हाऊ घातल्यावर टाळूला लावतो ते वेखंड, आणि मागून संत्र्याची साल. ऋचानं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि किंचाळलीच. "आई, तुमचं नाक म्हणजे सोनं आहे!"

अगं, मला एवढ्या वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. स्वयंपाकाला म्हणत, 'बरा झालाय'. नाकाला कोण म्हणतं?

मग काय, शनिवार दुपार आमची झाली. दोन ग्लास, लिंबाची फोड, वाटीत शेंगदाणे. जिनमध्ये ते कडू टॉनिक घातलं की मला लहानपणीचा किराईताचा काढा आठवायचा, पण गंमत म्हणजे आवडायचा. व्होडका मी फ्रीझरमध्ये बोंबलांच्या पिशवीशेजारी ठेवायची, गारठली की पातळ पाकासारखी घट्ट व्हायची. लोक म्हणतात व्होडकाला चव नसते. काहीतरीच! तांदळाची एक होती, ती पेजेच्या निवळीसारखी गोडसर. दुसरी जिभेवर गुळगुळीत आणि गळ्यात गेली की काच. तिसरी तर नुसती इंजेक्शनच्या कापसाचा वास! आम्ही भांडायचो, हसायचो. मी म्हणायची हीच चांगली, ती म्हणायची छे, ती. जास्त घेत नव्हतो गं, बोटभर. पण ती बोटभर माझी होती. निखिलला माहीत नव्हतं. "आपल्या दोघींचं," ऋचा म्हणायची. 'कुणाला सांगू नकोस' असं मीच तिला सांगितलं होतं. मीच.

आता त्या बाटलीकडे येते. कडवट झालं तोंड बघ, नाव काढल्याबरोबर.

आमचे हे जिनच घ्यायचे. दर रविवारी, मासे तळत असताना, हॉलमध्ये बसून. मी लिंबू पिळून द्यायची, बर्फ द्यायची, चकणा द्यायची. आयुष्यभर दिलं. एकदा तरी विचारावं माणसानं, 'घेतेस का गं घोटभर?' नाही घेतलं असतं मी, पण विचारावं की नाही? हे गेले, आणि यांच्या म्हाळाला आमच्याकडे एक रीत पडली. तुमच्यात श्राद्ध म्हणत असतील, आम्ही म्हाळ म्हणतो. पितृपक्षात पान वाढायचं, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. ते पान गच्चीवर कावळ्याला ठेवायचं, आणि पानाशेजारी गेलेल्या माणसाची आवड. तर यांच्यासाठी पेलाभर जिन. शास्त्रात बसत नसेल, आमच्या घरात बसतं. त्यासाठी यांच्या नेहमीच्या जिनची एक बाटली कपाटात वर वेगळी ठेवलेली. म्हाळाला उघडायची, यांना पेलाभर, उरलेल्यातली थोडी पुरुषांना, की परत बंद.

बायकांना? बायकांना खीर.

एका शनिवारी मला काय वाटलं, मी ती बाटली काढली. ऋचा म्हणाली, "आई, ही नको. ही बाबांची आहे." मी म्हटलं, गप गं, मला बघू दे हा माणूस इतकी वर्षं काय पीत होता. घेतली. आणि काय सांगू तुला, भिकार! नुसता स्पिरिटचा भपका, वर औषधासारखी सुपारी. ह्याच्यासाठी मी लिंबं पिळत आले? मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की ऋचा घाबरली.

ती बाटली मग मी एकटीनं संपवली. दुपारी, कोणी नसताना. आवडली म्हणून नाही. यांची होती म्हणून. आणि रिकामी झाली तशी नळाखाली धरून भरून ठेवली. व्हिस्की असती तर रंगानं पकडले गेले असते. जिनला रंगच नाही, चोराला सोन्यासारखी वस्तू. म्हटलं नवीन आणून ओतीन. आणि विसरले. खरंच विसरले गं, ते तेवढं खरं आहे.

म्हाळाचा दिवस आला. पान गच्चीवर नेलं. कुंदा वन्सं आल्या होत्या, यांची धाकटी बहीण. यांच्यावर जीव. त्यांनी स्वतःच्या हातानं पेला भरला, पानाशेजारी ठेवला. आणि कावळा येईना. समोरच्या टाकीवर पाच-सहा बसलेले, बघतायत, पण येईनात. ऊन असलं चढलेलं, सगळे भुकेले. आम्ही पाळीपाळीनं हात जोडले. निखिलनं सांगितलं, बाबा, आईला नीट सांभाळीन. नाही. मी सांगितलं, तुमचं घर नीट ठेवीन. नाही. वन्संना कसलीतरी शंका आली. त्यांनी पेला उचलला, हुंगला, बोट बुडवून चाटलं.

"पाणी? माझ्या दादाक पाणी दिल्यात? कोणी गिळल्यान ता सांगा आधी!"

 आणि मग सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी वळले. ऋचाकडे. का? ती उघड पिते म्हणून. निखिल पण पितो, शोकेस दोघांची, पण निखिलकडे एकानं बघितलं नाही. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा. आणि मी? माझ्याकडे तर बघायचा प्रश्नच नाही. मी म्हणजे वडे करणारी.

ऋचा माझ्याकडे बघत होती. आरोप नव्हता गं त्या बघण्यात. दूध वर यायला लागलं की गॅसजवळ जो असतो त्याच्याकडे आपण बघतो ना, तसं. आता हा हात पुढे करील, बटण फिरवील. तसं.

मी गप्प राहिले.

वन्सं म्हणाल्या, सुनेनं हात जोडून दादाची माफी मागावी, पुन्हा शिवणार नाही म्हणावं, तेव्हाच कावळा शिवेल. आणि ऋचानं हात जोडले. पार्ल्याची, शिकलेली, कावळ्याबिवळ्यावर काडीचा विश्वास नसलेली माझी सून, त्या उन्हात अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चुकलं. पुन्हा पिणार नाही."

आणि तो मेला कावळा आला! आत्ताच यायचं होतं त्याला! वडा उचलला आणि उडाला. वन्सं रडायला लागल्या. बघा म्हणाल्या, बघा. सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर काय कोण बोलणार? साक्षात यांनीच साक्ष दिली तिच्याविरुद्ध.

थांब. पाणी दे मला.

मी मघाशी म्हटलं ना, मी गप्प राहिले? खोटं आहे ते. एवढी सगळी तयारी करून तुला बोलावलं आणि मोक्याच्या ठिकाणी परत खोटं बोलले. बघ कशी आहे मी. गप्प राहणं परवडलं असतं. ऋचा सुरुवातीला हात जोडत नव्हती. ती माझ्याकडे बघत थांबली होती. आणि मी—मी म्हटलं, "बोलून टाक गं ऋचा. सगळे भुकेले आहेत."

माझ्या तोंडून गेलं हे वाक्य. ह्याच तोंडातून, जे तिच्याबरोबर शनिवारी हसायचं. गोड आवाजात म्हटलं वर, सासू समजावते तसं. मी म्हटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलंय. काही झालं नाही. तेच तर. एक दार असतं ना, आवाज न करता लागतं, तसं. मग तिनं हात जोडले. कावळ्याला नाही जोडले गं. माझ्यासाठी जोडले.

पुढच्या शनिवारी मी निर्लज्जासारखे बाल्कनीत दोन ग्लास मांडले. वाटीत शेंगदाणेसुद्धा. ती आली, बघितलं, आणि म्हणाली, "आई, मी सोडली."

म्हटलं, "अगं, ते काय खरं धरायचं?"

"तुमच्यासमोरच शब्द दिला ना," म्हणाली. आणि कपडे वाळत घालायला गेली.

खरंच सोडली. निखिल पितो अजून, त्याला कोण काय विचारतंय. ती नाही घेत. वर्षभरानं दोघं पवईला राहायला गेली, तिचं ऑफिस जवळ म्हणून. तेच कारण सगळ्यांना सांगितलं. जाताना बाटल्या इथेच ठेवल्या तिनं. "तुम्ही संपवा, आई. तुमचं नाक चांगलं आहे." टोमणा मारला असता तर मी सुखानं झोपले असते. तिनं खरंच म्हटलं ते. अजून फोन करते, गुडघा विचारते, गोळ्या विचारते. आणि वन्सं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुजबुजतात, तीच ती, दादाचा घोट गिळणारी. माझ्या कानांवर येतं. मी वाटी पुढे करते, म्हणते, वन्सं, अजून श्रीखंड घ्या.

राग येतो मला! त्या घराचा, जिथे पुरुषानं प्यालं तर आवड आणि बाईनं प्यालं तर पाप. यांचा येतो, न विचारल्याबद्दल. निखिलचा येतो, आपल्या बायकोच्या बाजूनं एक शब्द न काढल्याबद्दल. पण फिरून फिरून मी त्याच गच्चीवर येते आणि तिथे दुसरं कोणी नाहीच. यांनी विचारलं नाही म्हणून मी ते वाक्य म्हटलं? रीत वाईट म्हणून म्हटलं? नाही. मला माझं नाव जपायचं होतं. वडे करणारी चांगली बाई. त्यासाठी मी तिचं दिलं. एवढंच आहे ते.

अजून पिते मी. तेही सांगून टाकते. शनिवारी बाल्कनीत, एकटी, एका ग्लासात ही आणि दुसऱ्या ग्लासात ती. पण मजा नाही येत. दोन जिन चाखायला दोन माणसं लागतात. मी म्हटलं ही चांगली, की 'छे, ती' म्हणणारं कोणीतरी हवं ना? एकटीनं काय, दोन्ही सारख्याच लागतात. वेखंडसुद्धा सापडत नाही हल्ली.

गेल्या वर्षी म्हाळाला ठरवलं होतं बोलायचं. ऋचा आली होती, पवईहून सकाळीच, मदतीला. गच्चीवर गेलो. पेला मी भरला, या वेळी खरा. कावळा लगेच आला. मेला बोलायची वेळसुद्धा देत नाही. मी खाली आले आणि खीर वाढली. सगळ्यांना. तिलासुद्धा. ती म्हणाली, "आई, छान झालीये."

माफी नको मला. तुझी नको, तिची तर मागणारच नाही, कारण ती देऊन टाकेल आणि मग मी मोकळी होईन. मोकळं व्हायचं नाही मला. तिचं नाव परत जागेवर ठेवायचंय फक्त, जिथे गेलं तिथेच, सगळ्यांच्या देखत.

म्हणून तू ये. ह्या वर्षी म्हाळाला ये. फोनवर 'येते' नको, खरी ये, सकाळी लवकर ये. वडे तळायला घे माझ्याबरोबर, आणि वर गच्चीवर चल. तुला काही बोलायचं नाही, नुसतं वन्संच्या शेजारी उभं राहायचं. आता तुला माहीत आहे ना, म्हणजे मला गिळता येणार नाही. पेला भरला की मी बोलेन, कावळा यायच्या आधी. आणि तो नाही शिवला त्या दिवशी, तर नाही शिवला. बसू सगळे उपाशी. तू मात्र येताना दोन चांगली लिंबं आण.