हवालदारांची गाठ

हवालदार दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा पडायचा. सांगलीच्या पेठेत कुलपं, खिळे, दोरखंड विकणारं एक दुकान होतं. तिथं मासे धरायचे गळ आणि दोरेही मिळत. हवालदार सगळं काढायला लावायचे. हातात घ्यायचे, वाकवायचे, ओढायचे, हुंगायचेसुद्धा, आणि तासाभरानं चार गळ घेऊन बाहेर पडायचे. "हवालदार, तुमच्यासारखी आणखी दोन गिऱ्हाइकं आली तर मला कुलूप लावून घरी बसावं लागंल," असं दुकानदार कुरकुरायचा. हवालदार मिशीतल्या मिशीत हसायचे. "बस की घरी. तुझा दोरा असाबी कुजकाच हाय."

मी तेव्हा इस्लामपूरपासून बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर, कृष्णाकाठच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होतो. लग्न झालेलं नव्हतं, आणि संध्याकाळी पारावर बसून गावच्या भानगडी ऐकण्यापलीकडं दुसरा उद्योग नव्हता. हवालदार साठी ओलांडलेले. तरुणपणी फौजेत एका गोऱ्या साहेबाचे ऑर्डर्ली म्हणून त्यांनी डोंगरातल्या नद्या पालथ्या घातल्या होत्या, मग पहिल्या महायुद्धात बसऱ्याची लढाई बघितली आणि हवालदार होऊन पेन्शनीत निघाले. साहेबाकडून दोन गोष्टी त्यांनी उचलल्या: रोज दाढी करणं आणि लाकडी माशानं मासा धरणं.

गावात मासे धरायचे ते जाळ्यानं, नाहीतर गळाला गांडूळ लावून. हवालदार मात्र पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा वीतभर मासा कोरायचे. मध्ये कापून दोन तुकडे करायचे, तारेच्या कडीनं जोडायचे, पोटात शिसं ओतायचे आणि खाली गळ अडकवायचे. दोरा ओढला की तो मासा पाण्यात शेपूट हलवत असा यायचा, की बघणाऱ्यानं हात घालावा. गाव हसायचं. "हवालदारानं माशाला अगदीच खुळा समजलाय," म्हणायचं. संध्याकाळी त्यांच्या पिशवीतून मरळीची शेपटी बाहेर लोंबायला लागली की हसणं थांबायचं.

मला नाद लागला तो त्यांच्यामुळंच. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, गोरे लोक सामान आवरायला लागले होते. महाबळेश्वरला एका बंगल्यातलं सामान विकायला काढलेलं मी पाहिलं. त्यात मासे धरायची एक विलायती काठी होती. काय तिची चकाकी, काय ती पितळी कडी! दोन महिन्यांचा पगार गेला असता, पण माझं मन बसलं होतं. परत येऊन हवालदारांना सांगितलं, तर ते माझ्याकडं बघतच राहिले.

"मास्तर, मासा काय काठीचा रंग बघून येतोय व्हय? का तुमाला ती घिऊन लग्नाला जायाचं हाय?"

मग त्यांनी मला कट्ट्यावर बसवून नीट समजावलं. शाळेत मी शिकवायचो त्यापेक्षा चांगलं शिकवलं. "काठी तुमच्या हातात ऱ्हाती. दोरा गुंडाळायचं रीळ काठीवर ऱ्हातंय. माशाच्या तोंडापतुर जातो त्यो निस्ता दोरा. मग पैसं कुठं घालायचं? काठी फुकटची करा, रीळ जुनं घ्या, पर दोऱ्याला हात आखडू नगा."

काठी खरंच फुकट झाली. त्यांच्या बांधावरचा भरीव वेळू निवडून तोडला आणि दोन महिने सावलीत टांगून वाळवला. मला वाकणारी, लवलवती काठी हवी होती. त्यांनी तो बेत हाणून पाडला. "आपला लाकडी मासा जड हाय. नरम काठी फेकताना मान टाकंल." दोरा ओवायची कडी मोडक्या छत्रीच्या तारांची केली. रीळ मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. ते त्यांनी कानाशी धरून फिरवलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "दातं शाबूत हायती. पास." उरला दोरा. तो मात्र अस्सल रेशमी, विणलेला घेतला, आणि महाग पडला म्हणून दोघांत एक घेतला. कधी त्यांनी टाकायचं, कधी मी.

त्या दोऱ्याचा एकच नियम होता. नदीवरून आलं की तो सगळा उलगडायचा, ओसरीच्या खांबांना गुंडाळून वाळवायचा आणि मग रिळावर भरायचा. आळीपाळीनं एकेकाचं काम. "रेशीम हाय, मास्तर. वल्लं ठिवलं की मेलं," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

हवालदारांची बायको वारली होती. मुलगा माधवनगरला गिरणीत होता आणि दर सणाला येऊन 'आता आमच्याकडं चला' म्हणून मागं लागायचा. हवालदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखायचे. बोटंही जाड, बधिर झाली होती. तरी लाकडी माशाला दोरा बांधायचा तो त्यांनीच. एकदा मी "द्या, मी बांधतो" म्हणालो, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलाला त्यांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, "जोवर माझी गाठ धरतीया, तोवर मी हितंच. ज्या दिशी सुटंल, त्या दिशी तुझ्या दारात येऊन बसंन." मुलगा हसला होता. मला माहीत होतं, ते थट्टा करत नव्हते.

आता माझं कर्तृत्व सांगतो. भाद्रपद होता. त्या दिवशी दोरा वाळवायची पाळी माझी होती. नदीवरून घरी येतो तोच निरोप आला की दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. झालं! हजेरीपट, तक्ते, भिंतींना चुना, पोरांचे पाढे. माझी पाचावर धारण बसली. ओला दोरा रिळासकट मी पत्र्याच्या ट्रंकेत टाकला आणि विसरलो. साहेब येऊन गेले, शेरा चांगला मिळाला, मी फुगलो. ट्रंक उघडली ती तीन आठवड्यांनी, हवालदार दारात उभे राहिल्यावर. पाणी निवळलं होतं आणि घाटाखालच्या डोहात ती मोठी मरळ त्यांना पुन्हा दिसली होती, म्हणजे तिचा आवाज ऐकू आला होता. दोन वर्षं ते तिच्या मागं होते.

"दोरा वाळवला हुतासा न्हवं?"

"हो तर," मी म्हणालो. काय सहज आलं ते तोंडातून!

एरवी ते हातभर दोरा ओढून बघायचे. त्या दिवशी मास्तरांच्या शब्दावर विसंबून बघितला नाही. घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी चाचपत चाचपत गाठ बांधली, उठले आणि मासा फेकला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. मी ती मरळ पाहिली. कमरेएवढी असेल, काळी, पाठीवर ठिपके. काठी वाकली, रीळ किंचाळलं, आणि हवालदार असे हसले की वीस वर्षांनी लहान दिसले. "आली, मास्तर! आली गड्या!" आणि दोरा हलका झाला. काठी सरळ झाली.

ते पुन्हा पायरीवर बसले. मग सगळा दोरा गुंडाळून घेतला आणि त्याचं टोक माझ्यापुढं धरलं. "मास्तर, मला दिसंना झालंय. तेवढं बघून सांगा. टोकाला दशी हाय का वळ हाय?"

गाठ सुटली तर टोकाला गाठीचा वाकडा वळ राहतो. दोरा तुटला तर टोकाचे तंतू सुटून त्याची दशी होते. हेही त्यांनीच मला शिकवलेलं. मी टोक पाहिलं. पिवळट, कुजलेली दशी होती. बोटांनी चुरली तर तिचे तंतू हातात आले. खरं सांगायला एक शब्द पुरे होता. पण मला लाज वाटली, भीती वाटली. शाळेच्या मास्तरानं खोटं बोलून म्हाताऱ्याचा मासा घालवला, असं गावभर होईल, असं काहीतरी डोक्यात आलं.

"वळ आहे," मी म्हणालो.

"म्हंजे गाठ सुटली."

"हो."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर शंका घेणं त्यांच्या मनातही आलं नाही. काठी मला परत दिली, रीळ दिलं, पेटीतले उरलेले लाकडी मासे दिले. दिवाळीच्या आत घर विकून ते माधवनगरला गेले. त्यांना मोटारीत बसवून द्यायला मीही गेलो होतो, ट्रंक उचलायला मदत केली. तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही.

उघडलं ते पुढच्या उन्हाळ्यात. झोप लागेना म्हणून मी माधवनगर गाठलं. चाळीतल्या खोलीच्या दारात ते बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ट्रंक, दिपोटी, कुजका दोरा, माझं खोटं बोलणं. सांगून झाल्यावर शिव्यांची वाट बघत राहिलो.

"म्हंजे दशी हुती?" त्यांनी विचारलं.

"होती."

"वळ न्हवता?"

"नव्हता, हवालदार."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "सूनबाई!" ते आत ओरडले, "आगं, गाठ सुटली न्हवती माझी! धरली हुती!" सून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि गोंधळून आम्हा दोघांकडं बघत राहिली. तिला काही कळलं नाही, पण सासरे हसताहेत म्हणून तीही हसली आणि चहा टाकायला आत गेली.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. दिली नाही. माझा हात चाचपून धरला आणि हसू ओसरल्यावर हळू आवाजात म्हणाले, "आवं मास्तर, तवाच सांगायचं की वो. मी घर इकून आलो."