चालतंय ना, मास्तर?

"चालतंय ना, मास्तर?" असं विचारून चाचा जीप चालवता चालवताच डावा हात माझ्या मांडीवर ठेवायचे, मनगट वर करून. मी नाडी धरायची, जरा वेळ बघायची आणि म्हणायचं, "चालतंय. पुढं बघा." कारण उत्तर मिळेपर्यंत ते रस्त्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत असत.

मी तेव्हा शिवथरच्या शाळेत होतो. महाडहून रोज त्यांच्या जीपने जायचो. तुम्हीही बसला असाल अशा जीपमध्ये, ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक जण चिकटलेला असतो. एवढे जीव एका छातीच्या भरवशावर, आणि ती छाती अधूनमधून बिघडते हे फक्त मला ठाऊक. लोकांना वाटे, मास्तर ऐटीत पुढे बसतात. मी भीतीने बसायचो.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला होता. पट्टीत काहीच दोष नाही.

"दवाखान्याची पायरी चढलो की हा नीट चालतो," चाचा छातीवर थापटी मारत म्हणत. "चोर हाय, मास्तर. फौजदार दिसला की साळसूद."

एका सकाळी बिरवाडी मागे टाकली आणि त्यांनी न बोलताच हात पुढे केला. हात गार होता. नाडीला काही धरबंधच नव्हता. दोन ठोके घाईत, मग काहीच नाही, मग चार एकावर एक, मग एक अगदी पुसट. पुढचा येतो की नाही, या धास्तीने मी बोटं आणखी दाबली. डावीकडे खाली नदी होती. "चाचा, थांबवा," मी म्हणालो.

त्यांनी जीप थांबवली आणि मागे वळून सांगितलं, "मला दवाखान्यात जायाचा हाय. उतरायचा त्यानं उतरा."

एकही उतरला नाही. "चाचा, तुमाला एकटं कसं सोडू?" मागून एक आजी म्हणाली. अख्खी जीप, कोंबड्यांच्या पाट्यांसकट, हळूहळू महाडला परत आली. त्या दिवशी पट्टीवर चोर सापडला.

डॉक्टरांनी समजावलं. हृदयाचे वरचे कप्पे मध्येच नुसते थरथरतात, मग आपोआप ताळ्यावर येतात. थरथरताना आत रक्त साकळतं, त्याची गाठ मेंदूत जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी.

नेमकं तेवढंच चाचांना पटलं नाही. त्यात दाढी करताना कापलं आणि रक्त काही केल्या थांबेना, तेव्हापासून गोळी वरच्या खिशात राहू लागली. छाती नाचली की एक खायची.

"उतार संपला, आता बिरेक कशाला दाबून ठेवू?" ते म्हणत.

"चाचा, हा उतार तुम्हाला दिसत नाही," मी रोज भांडायचो. ते हसायचे आणि हात पुढे करायचे. नाडी सरळ लागली की मलाच धीर यायचा, आणि भांडण तिथेच मिटायचं.

मग एका सकाळी जीप आलीच नाही. चहा पिताना उजव्या हातातून पेला गळला आणि मागोमाग चाचा पडले, असं कळलं. मुंबईच्या इस्पितळातून परत आणल्यावर मी त्यांच्या गावी, तुडीलला गेलो. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. गोळ्या आता चाची भरवत होती, रोज, न चुकता.

मला बघून त्यांनी चादरीतून डावा हात काढला. मनगट वर.

मी बराच वेळ धरून बसलो. एकेक ठोका जागच्या जागी पडत होता.

"चालतंय," मी म्हणालो. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. 'पुढं बघा' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.