पोळ्याच्या दिवशी गोठ्यातली वीज

सन १९६४, पोळ्याची सकाळ. केळापूरच्या आमच्या घरातल्या मेनवरून गोठ्यात वेगळा बोर्ड बसवायची मजुरी चाळीस रुपये ठरली. हजर आई, बायको, वायरमन आणि मी.

संध्याकाळची बैलांची पूजा उजेडात व्हावी, म्हणून घाई. दुपारपर्यंत लोखंडी पेटी भिंतीवर लागली. राहिलं अर्थिंग: खड्डा खणायचा, मीठ-कोळसा घालायचा, तार पुरायची. वायरमनने कुदळ मागितली आणि आई आडवी आली.

"आज मातीले कुदळ लावत नसतेत बाबू. उद्या खण."

"मंग आजच्यापुरती तार खुंट्याले बांधतो, काकू. बैल काही तार खात नाही."

खुंटा म्हणजे रुळाचा तुकडा, जमिनीत खोल ठोकलेला. आम्हां सगळ्यांना पटलं. बैलांच्या साखळ्या त्यालाच असतात, हे कुणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी बैल मिरवून आले. थोरल्याला साखळी घालून बायको त्याच्या खुरांवर पाणी ओतू लागली. मी घरात जाऊन मेन चालू केला. परत गोठ्याच्या दाराशी आलो, तर दिवा लागलेला आणि बैल गुडघ्यांवर कोसळून थरथरत होता.

"अवो, याले काय झालं?" म्हणत ती अनवाणी, ओल्यात, साखळी सोडवायला वाकली.

"हात लावू नको. मांगं सर."

वीज बंद करायला लोखंडी पेटीला हात लावायची माझी छाती झाली नाही. मी मेनकडे धावलो. तो बैल तिनं वासरापासून वाढवलेला. ती ऐकेल याची खात्री नव्हती. मी अंगणाच्या मध्यात होतो तेव्हा बैलाचं हंबरणं थांबलं. तिचाही आवाज नाही. मी मेन पाडला, पण तिला हाक मारली नाही. उत्तर आलं नसतं तर?

चुलीजवळची चिमणी घेऊन गेलो. ती दाराबाहेर हात काखेत दाबून उभी होती.

"जित्ता हाये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वायरमनने पेटी उघडली. झाकणाखाली तार चेपून सोलली होती. तिची वीज पेटीत उतरली, आणि अर्थिंगच्या तारेनं खुंट्यात, साखळीत गेली. त्यानं खड्डा खणला, मीठ आईनं दिलं, आणि त्याची मजुरी मी पूर्ण चुकती केली.

बैल वाचला. पण साखळी नुसती वाजली तरी मान वर करून मागं सरायचा, गोठ्यात पाऊल टाकेना. शेवटी त्याच्यासाठी अंबाडीचा दोर करून घेतला. त्याचे दोन रुपये दोर वळणाऱ्याला दिले.