बेटाखालचं पाणी

माझे दाजी मुंबई बंदरात पाणबुडे होते. बोटींच्या बुडाला धरलेली कालवं खरवडायची, पंख्यात गुंतलेले दोर कापायचे, हे त्यांचं रोजचं काम. एका दिवाळीला ताईला घेऊन ते कशेळ्याजवळ आमच्या गावी आठ दिवस राहायला आले, ते पाठीवर बांधायची हवेची टाकी घेऊनच. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

आमच्या नदीत एक बेट आहे. बांबू, करंज, जांभळी, पाय ठेवायला जागा नाही इतकं हिरवं. अलीकडून उथळ पाण्यातून चालत जाता येतं, पलीकडे मात्र डोह. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून आम्ही तिघं दिवसभरासाठी तिथं गेलो. दाजींनी दोन बुड्या मारल्या आणि टाकी लावून मलाही उतरायचंय म्हणून मी हट्टाला पेटले.

"अहो, नको," ताई म्हणाली. "ती विहिरीत पोहणारी पोर हाय."

"कमरेला दोर बांधतो ना," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "तोंडातली नळी सोडायची नाही. श्वास कोंडायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. भीती वाटली तर दोर दोनदा ओढ."

खाली गेल्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो माझाच श्वास. घरघर, आणि मग बुडबुडे. पाणी हिरवं, स्वच्छ. मळ्या जातीचे छोटे मासे डोळ्यांवरच्या काचेजवळ येऊन बघून जात होते. त्यांच्या मागे मागे गेले आणि एकदम अंधारलं. वर पाहिलं तर आभाळ नाही, नुसती मुळं. बेट खालून पोखरलेलं होतं आणि मी त्याच्या पोटात शिरले होते.

दोर दोनदा ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. दोर कशात तरी अडकला होता, वर कुणाला कळतच नव्हतं. छाती इतकी धडधडायला लागली की नळीतून हवा पुरेना. नळी थुंकून ओरडावंसं वाटलं. डोळे मिटले, दोर मुठीत धरला आणि हात टाकत टाकत त्याच्याच वाटेनं मागे निघाले. एका जाड मुळाला त्याचा वेढा बसला होता. तो सोडवताना नखं मोडली, ते मला नंतर कळलं.

उजेडात आले तेव्हा समोरून दाजी येत होते, टाकीबिकी काही नाही, तसेच. त्यांनी मला दंडाला धरून वर ओढलं.

"बुडबुडे बेटाखाली गेलेले दिसले गं," ते म्हणाले. माझ्या टाकीचे पट्टे त्यांना सोडवेनात. शेवटी ताईनं सोडले. भाकऱ्या तशाच राहिल्या.

परतताना ते उथळ पाणी आलं आणि माझा पाय उचलेना. दाजींनी समजावलं, ताई रडकुंडीला आली. मी काठावर बसूनच राहिले. वरच्या वाडीतली एक बाई तिथं खेकडे धरत होती. तिनं टोपली खाली ठेवून माझं मनगट धरलं.

"चल बाय. माज्या पायाकडं बघ, पान्याकडं नको."

पार होईपर्यंत मी तिच्या पायांवरून नजर काढली नाही. पलीकडे गेल्यावरही तिचा हात सोडायला मला बराच वेळ लागला.