शिंकेला माणूस लागतं

ये गो सना, अशी माझ्याजवळ बस. तो मोबाईल ठेव आधी खाली. काय शिकवलंय तुझ्या आईनं तुला? आत्ता शिंकलीस ती शिंकलीस, आणि वर म्हणतेस काय, तर 'सॉरी'! कुणाचा गुन्हा केलास गो? आपल्यात शिंक आली की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात, अल्लाचे आभार मानतात. ऐकणाऱ्यानं 'यरहमुकिल्लाह' म्हणायचं, अल्ला तुझ्यावर रहम करो. मग शिंकणारी त्याला उलट दुवा देते, 'यहदीकुमुल्लाह', अल्ला तुम्हाला सरळ वाटेनं नेवो. आता तू म्हणशील, नानी, एका शिंकेला एवढं लांबण? हबीबाला पाहिली असतीस तर म्हणाली नसतीस.

हबीबा माझी शेजारीण. तिच्या नि माझ्या अंगणात हा चिऱ्यांचा गडगा, ही दगडी भिंत. मधे ढासळलाय ना, तिथनं आमची ये-जा. नवरा बोटीवर खलाशी होता, तो लवकर गेला. एकुलता मुलगा मस्कतला. घरात ती आणि एक मांजर. बाजारातून आली की कुलूप काढून उंबऱ्यावर उभी राहायची आणि रिकाम्या घराला खणखणीत सलाम करायची, 'अस्सलामु अलैकुम!' मला एकदा हसू आलं. म्हटलं, "कुणाला गो सलाम? भिंतींना?"

"घरात फरिश्ते असतात," ती म्हणाली. "म्हणतील, आली म्हैस मुकाट्यानं." मग पिशवीतली भाजी बाहेर काढता काढता म्हणते, "सलाम भिंतींना चालतो गो जुलेखा. शिंकेला मात्र माणूस लागतं."

आणि शिंक तरी कशी! गडग्यावरचे कावळे उडायचे. शिंकली की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायची आणि कान माझ्या दाराकडे. माझे हात पिठात असोत की मासळीत, उत्तर गेलंच पाहिजे. जरा उशीर झाला की ओरडायची, "मेलीस की काय गो?"

एकदा आमचं भांडण झालं. मी पावसाळ्यासाठी सोडे वाळत घातले होते. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, तुम्हा पुणेकरांना सांगावं लागतं. वळून बघते तो चटई साफ, आणि तिची मांजर गडग्यावर मिशा चाटत बसलेली. मी बोलले चार शब्द. तर हबीबा म्हणते, "तुझे सोडे? माझी मांजर हुंगणारसुद्धा नाही. खारट असतात." चोरीचं एक वेळ मी सोडलं असतं गो. पण खारट?

बोलणं बंद. खिंडारात तिनं माडाच्या झावळ्या लावल्या, मी इकडून काटे टाकले. पण शिंकेचं काय? उत्तर हा शिंकणारीचा हक्क, अबोला धरला म्हणून तो बुडवता येत नाही. ती तिकडून शिंकायची, मी चुलीकडे तोंड करून, रागानं का होईना, 'यरहमुकिल्लाह' म्हणायची. ती तेवढ्याच रागानं 'यहदीकुमुल्लाह' फेकायची. एकमेकींना शिव्या द्याव्यात तशा आम्ही दुवा देत होतो. अख्खा पावसाळा असा गेला.

मग एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं. हबीबा गडग्याशी उभी, हातात नवऱ्याची जुनी तपकिरीची डबी. इकडे तिकडे बघून तिनं चिमूट नाकात कोंबली. आधी माझ्या दाराकडे बघितलं, मग शिंकली. मी उत्तर दिलं. पुन्हा चिमूट, पुन्हा शिंक. पुन्हा उत्तर. तिसरीलाही दिलं. तीन शिंकांपर्यंत दुवा द्यायची, पुढे ते पडसं समजायचं, असं आमच्या उस्तानीबाईंनी लहानपणी शिकवलेलं. चौथी शिंक आली नि मी गप्प. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलेना. मला राहवेना.

म्हटलं, "पडसं झालंय तुला. आल्याचा काढा घे."

"आलं संपलंय."

"मग ये नि घेऊन जा. काटे बघून ये."

आली. मी मुद्दाम पुढ्यात भाकरी आणि सोड्यांचं कालवण ठेवलं. म्हटलं, "बिस्मिल्लाह कर." तिनं ताट पुसून खाल्लं. "माशाअल्लाह," म्हणाली, आणि दारापर्यंत गेल्यावर, "मीठ जरा जास्तच हं."

पुढे मुलगा मस्कत सोडून मुंबईला आला आणि तिला उंच बिल्डिंगीतल्या घरी घेऊन गेला. मुलगा चांगला होता, सून चांगली होती, दोघं दिवसभर कामाला. पहिल्याच फोनवर म्हणाली, "लिफ्टमध्ये शिंकले गो. चौघं होती. सगळी भिंतीला चिकटली, एकीनं तोंडाला रुमाल धरला. मी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, कुणी वर बघेना." मग तिनं नवीनच सुरू केलं. शिंक आली की मला फोन लावायची. रेंज मिळून मी उचलेपर्यंत शिंक शिळी झालेली. "मघाशी शिंकले होते," म्हणायची. मी दुवा द्यायची. उलट दुवा दिली की फोन बंद. पैसे वाचवायचे म्हणून नाही, तेवढंच काम होतं म्हणून.

मग एके दिवशी त्याच नंबरवरून तिचा मुलगा बोलला. 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन,' मी म्हटलं. आपण अल्लाचे, आणि त्याच्याकडेच परत जायचंय. तोही तेच म्हणाला. याला उलट उत्तर नसतं गो. दोघांनी तेच म्हटलं नि फोन ठेवला. तिथल्याच कबरस्तानात ठेवली तिला. शेवटचं तोंड बघायलाही मी नव्हते.

ते बघ तिचं घर, अंगणात रान माजलंय. मांजर माझ्याकडेच असते. सोडे खाते बरं का, हुंगून सोडत नाही. मला शिंक आली की मी अजून मोठ्यानं म्हणते, आणि म्हटल्यावर उगाच थांबते.

उद्या तू जाशील, जा. नोकरी आहे. पण मसाल्याच्या मिरच्या मी भाजायच्या ठेवल्यात. भाजताना शिंका येणार, ठसका लागणार. तू आल्याशिवाय तवा चढवायची नाही. तर लवकर ये गो.