मी झाडलेली काच आणि दोरीबाहेरचा मोबाईल

माझ्या दोघा नातवंडांनो, तुमची आजी गाऊनवर टॉवेल पांघरून भर रस्त्यात खराटा मारते आहे आणि वर वरातीतलं गाणं वाजतं आहे, असा सत्तावीस सेकंदांचा व्हिडिओ तुम्ही तिकडे बसून पाहिलात आणि हसलात, हे तुमच्या बाबाने सांगितलं. हसण्यासारखाच आहे तो. पण तो सहा मिनिटांच्या चित्रणातला तुकडा आहे, आणि त्या सहा मिनिटांवर एका माणसाचं पोट अवलंबून होतं. पुढच्या आठवड्यात मला न्यायालयात साक्षीला जायचं आहे. तिथे विचारलं तेवढंच सांगता येतं. म्हणून त्याआधी सगळं क्रमाने तुमच्यासाठी लिहून ठेवते.

दिग्रसचा आपला रस्ता तुम्हाला आठवत असेल. आपलं फाटक एका बाजूला, आणि बरोबर समोर ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंचा ओटा. त्या तिशीच्या आहेत. पुढच्या खोलीत मशीन, मागे संसार. बस स्टँडकडून येणाऱ्या गाड्यांची डावी बाजू म्हणजे आपल्या फाटकाची, आणि स्टँडकडे जाणाऱ्यांची डावी बाजू म्हणजे त्यांच्या ओट्याची. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

कापसाचा हंगाम होता. सकाळी दहाच्या सुमारास मी मागे कपडे धूत होते. मोठा आवाज झाला म्हणून तशीच बाहेर आले. मला बँकेत नेणारा, मुलांना शाळेत पोचवणारा आपला ऑटोवाला, त्याचा ऑटो आडवा पडला होता. मुलांना सोडून तो रिकामा स्टँडकडे निघाला होता. समोरून कापूस भरलेली पिकअप आली होती. ऑटोची काच साऱ्या रस्त्यावर झाली होती, आणि त्याचा पाय खाली अडकला होता.

लोक धावले. ऑटो उचलून उभा केला, त्याला बाहेर काढलं, दुसऱ्या ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं. मग रस्ता अडतो म्हणून मोडका ऑटो ढकलत आणून आपल्या भिंतीला लावला, कारण तिथे कडुनिंबाची सावली. एसटीला वाट द्यायला पिकअपही पुढे घेतली. सगळं चांगल्या मनाने झालं. मीही चांगल्याच मनाने खराटा आणला. पोरं चपला न घालता खेळतात, काच पायात जाईल, म्हणून ओट्यापासून इकडपर्यंत सगळी झाडली आणि आपल्या फाटकाजवळ, घंटागाडी थांबते तिथे, ढीग केला.

समोरच्या बाई मोबाईल धरून उभ्या होत्या. एका गिऱ्हाइकाला ब्लाऊजची पाठ दाखवायला उजेडात आल्या होत्या, तेवढ्यात हे झालं आणि त्यांनी मोबाईल रस्त्याकडे वळवला. मला संताप आला. माणूस मरतो की जगतो आणि तुम्ही चित्रं काढता, असं मी त्यांना झाडता झाडताच सुनावलं. पुढे ते चित्रण मी पूर्ण पाहिलं तेव्हा कळलं की त्यांनी एकदाही जखमीच्या तोंडावर मोबाईल नेला नव्हता. आणि 'ऑटो हळू उचला, पाय अडकला हाये,' असं लोकांना ओरडून सांगणारा आवाज त्यांचाच होता. पाण्याचा तांब्या आणायला नवऱ्याला पिटाळणाराही.

अर्ध्या तासाने ठाण्यातून जमादार आले, सोबत एक शिपाई. अपघाताची जागा अडवायची त्यांच्याकडची पट्टी संपली होती. ते मला म्हणाले, "आजी, घरात दोर हाये का एखादा?" मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून दिली. ती त्यांनी कडुनिंबाला, विजेच्या खांबाला आणि आपल्या फाटकाला बांधली. आत मोडका ऑटो आणि माझा काचेचा ढीग. म्हणजे पोलिसांची हद्द आपल्याच दोरीची होती. शिपाई मात्र आम्हाला तिच्यापासून लांब राहायला सांगत होता.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक किराणा दुकानदार, दुसरी मी. दुकानदार येताच म्हणाले, "साहेब, सही कुठी करू?" आणि न वाचता करून मोकळे झाले. मी चष्मा आणायला आत गेले. जमादार कंटाळले, पण थांबले. सदतीस वर्षं मी इंग्रजीच्या वह्या तपासल्या. न वाचता खाली सही करायला हात उठत नाही.

वाचलं तर त्यात लिहिलं होतं की ऑटो व काचेचे तुकडे स्टँडकडून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस मिळून आले, सबब ऑटो विरुद्ध बाजूने आल्याचे दिसते. पिकअपचा चालकही शेजारी उभं राहून तेच सांगत होता, ऑटोच माझ्या अंगावर आला म्हणून. ऑटो तिथे लोकांनी लावला होता, आणि काच तिथे मी नेली होती. जमादारांनी लबाडी केली नव्हती. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं, आणि दिसेल असं मी करून ठेवलं होतं. दोष ऑटोवाल्यावर आला असता तर परवाना गेला असता, आणि मोडलेल्या पायाची भरपाई तर राहोच, पिकअपचं नुकसान त्याच्याच माथी बसलं असतं.

तेवढ्यात जमादारांचं लक्ष समोर गेलं. बाई पुन्हा चित्रण करू लागल्या होत्या. शिपायाने त्यांना मोबाईल बंद करून आत जायला सांगितलं.

"मी त दोरीच्या बाहीर, माह्याच ओट्यावर उभी हाय," त्या म्हणाल्या. "मले कायले हटवता?"

"वरून आदेश हाये."

"कोन्त्या मजल्यावरून?"

लोक हसले आणि शिपायाचा चेहरा उतरला. मग जमादार स्वतः गेले. मागे कुठे तरी कोणाच्या व्हिडिओवरून त्यांच्या एका सहकाऱ्याला त्रास झाला होता, ते त्यांच्या मनात होतं. आहे ते पुसून टाक, नाही तर मोबाईल जमा करावा लागेल, असं त्यांनी दरडावलं. बाई घाबरल्या. गिऱ्हाइकांची मापं त्या कागदावर लिहून फोटो काढून मोबाईलमध्येच ठेवतात. ऐन लग्नसराईत मोबाईल गेला तर धंदाच बसला. त्यांचा अंगठा पडद्यावर गेलेला मी पाहिला.

मी रस्ता ओलांडला आणि विचारलं की यात सुरुवातीपासून सगळं आहे का. त्यांनी मान हलवली. मी जमादारांना सांगितलं की हे पुसू नका, ऑटो मुळात कुठे पडला होता ते यात असेल. त्यांनी मला बाजूला घेतलं. इथून त्यांनी मला आजी म्हणणं सोडलं.

"मॅडम, तुमच्या भल्याचं सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या व्हिडिओत तुम्हीच झाडून राह्यल्या. पुरावा पुसला असं तुमच्यावरच येईल. डिलीट झाला त तुमचीही कटकट मिटते."

ते खोटं बोलत नव्हते, आणि मला भीती वाटली. घरात मी एकटी. या वयात ठाण्याच्या पायऱ्या. क्षणभर मनात आलं की आपण काय पाहिलं, आपण तर आवाजच ऐकला. पण काच कुठून कुठे गेली हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला नक्की माहीत नव्हतं.

"तर मग लिहा," मी म्हणाले. "पोलीस येण्यापूर्वी समोरच्या ओट्यापासून काच मी झाडली आणि फाटकाजवळ मी गोळा केली. आणि समोरच्या बाई दोरीबाहेर उभ्या राहून चित्रण करत होत्या, त्यांनी कोणाला अडथळा केला नाही. ही दोन वाक्यं आली की मी सही करते."

"असं कोनी लिहिते काय पंचनाम्यात?"

"पंचांनी पाहिलेलं लिहितात ना? मी हे पाहिलं."

पिकअपचा चालक काही बोलू लागला, त्याला जमादारांनी गप्प केलं. मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी दोन्ही वाक्यं लिहिली. ऑटो लोकांनी हलवल्याचंही लिहिलं, ते मला सुचलंही नव्हतं. किराणा दुकानदारांनी या वेळी वाचून सही केली.

राहिला मोबाईल. तो जमादारांनी घेतला नाही. तुमच्या काकाच्या ओळखीच्या वकिलांना मी फोन लावला. त्यांनी सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी, हद्दीच्या बाहेरून, कामात आडवं न येता चित्रण करणं हा गुन्हा नाही. तपासाला हवा असेल तर पोलीस मोबाईल घेऊ शकतात, पण रीतसर जप्ती करून आणि लेखी देऊन. पुसायला मात्र सांगू शकत नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई आणि मी चित्रणाची प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून, अर्ज दोन प्रतींत लिहून ठाण्यात गेलो. अकराला बाकावर बसलो. साहेब बाहेर आहेत, उद्या या, ठेवून जा, बघतो, असं सगळं ऐकून झालं. पोच मिळाल्याशिवाय मी उठणार नव्हते. बाईंनी तिथे बसून सहा ब्लाऊजना हूक लावले. चारला शिक्का मिळाला.

ठाणेदारांनी चित्रण पाहिलं. ऑटो बाईंच्या ओट्यापुढे, स्वतःच्या बाजूला पडलेला त्यात स्वच्छ दिसतो, आणि पिकअपचं तोंडही त्याच बाजूला. रस्त्यात बसलेल्या गाईला चुकवताना पिकअप ओट्याच्या बाजूला आली होती. पुन्हा मोजमाप झालं, आणि गुन्हा पिकअपच्या चालकावर दाखल झाला. मलाही जबाब द्यावा लागला. काच का झाडली, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, सवय.

तुमच्याकडे आलेला तुकडा कोणी कापला ते कळलं नाही. बाईंना फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, माझा खराटा दिसला म्हणूनच ऑटोवाल्याची बाजू दिसली. पूर्ण चित्रण तुम्हाला पाठवते आहे, ते पाहा. तुमच्या गावी असं काही घडलं तर दोरीच्या बाहेर राहा, जखमी माणसाच्या तोंडावर कॅमेरा नेऊ नका, आणि कोणी डोळे वटारले म्हणून मोबाईल खाली करू नका. साक्षीत मला उलट विचारतील, तुम्ही पुरावा हलवला का. मी हो म्हणणार आहे.

ओट्यापुढचा रस्ता आता नव्याने डांबरी झाला आहे, काचेचा कणही उरलेला नाही. पंचनाम्याच्या तिसऱ्या पानावर जमादारांच्या अक्षरातली ती वाक्यं आहेत आणि खाली माझी सही आहे. बाईंच्या मोबाईलमध्ये सहा मिनिटं तशीच आहेत. ऑटोवाला जरा लंगडतो. परवाना त्याच्या नावावर आहे, आणि सकाळी मुलांना शाळेत तोच सोडतो.