पीठ टाकणारा वैमानिक

मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, लवकर या, हे उठत नाहीत." नगरला सावेडीत आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी अनवाणीच धावले. दादा खुर्चीत बसल्याबसल्या गेला होता, कपात अर्धा चहा तसाच होता. दुपारपर्यंत ही बातमी कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी पोहोचली आणि संध्याकाळी तिथल्या एस.टी. थांब्यापाशी फ्लेक्स लागलासुद्धा. भाच्यानं मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. पुढे दादाचा चेहरा, मागे टोकदार नाकाचं लढाऊ विमान, पंखांखाली क्षेपणास्त्रं आणि खाली ठळक अक्षरांत 'शत्रूच्या उरात धडकी भरवणारा आकाशवीर'. मी रडत होते, तरी माझं डोकं तडकलं. असलं विमान दादानं आयुष्यात चालवलं नव्हतं. आज पाच आठवडे झाले, तो राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझा दादा, विंग कमांडर श्रीधर, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. हवाई दलात तो मालवाहू विमानं चालवायचा. जिथे रस्ता जात नाही अशा उंच डोंगरांतल्या ठाण्यांवर जवान राहायचे, त्यांचं पीठ, डाळ, रॉकेल, टपाल हे सगळं पॅराशूटला बांधून वरून टाकायचं, हे त्याचं काम. एकदा तर जिवंत कोंबड्याही टाकल्या होत्या. असं जवळजवळ वीस वर्षं. सुट्टीवर गावी आला की दूध डेअरीपाशी माणसं त्याला गाठायची. "श्रीधरराव, बाम किती टाकलं वो तुमी?" दादा गावात गेला की गावचंच बोलायचा. "येक बी न्हाई. पीठ टाकलं." "आन् ते कशापायी?" "खायाला. तुमी न्हाई का खात?" माणसं हसायची, पण चेहरे पडायचे. घरचा पोरगा विमानात बसून पिठाच्या गोण्या ढकलतो, हे चारचौघांत सांगायचं तरी कसं! जेवायला वाढणाऱ्याचा पोवाडा आपल्याकडे कुणी गात नाही. ताटात भाकरी नसली की मात्र पहिली बोंब त्याच्याच नावानं.

मी डी.एड.ला असताना तो एकदा अचानक सुट्टीवर आला. तिसऱ्या दिवशी विहिरीकडे जाताना आपणहून बोलायला लागला. त्या डोंगरांत एक दरी होती, अरुंद. तिच्यात एक वाकण होतं, तीव्र वळण, आणि ते ओलांडलं की विमान वळवायला जागाच उरत नसे. पुढे ढग असेल तर परत फिरायचा निर्णय वाकणाच्या अलीकडेच घ्यायचा, नंतर घेऊन उपयोग नाही. एके दिवशी दोन विमानं एकामागोमाग निघाली होती. वरच्या ठाण्यावर दोन दिवसांचंच धान्य उरलेलं. पुढच्या विमानात दादाचा जिवलग मित्र सुरिंदर. दादा वाकणापाशी आला तेव्हा समोर दरी ढगानं भरलेली होती. त्यानं विमान फिरवलं. सुरिंदर आत गेला होता... तो बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि दादाच पुन्हा गेला, सगळ्या गोण्या ठाण्यावर टाकून आला. ठाण्यावरचं कुणी उपाशी राहिलं नाही. पण वरच्या एका साहेबानं त्याला समोर उभं करून विचारलं, एक माणूस जाऊ शकतो तर तुम्ही का नाही? सुरिंदरचा मरणोत्तर गौरव झाला. तो व्हायलाच हवा होता, हे दादानंच मला दहादा सांगितलं असेल. दादाच्या वाट्याला मात्र तो प्रश्न आला आणि नोकरीभर त्याच्या मागे चालत राहिला.

सगळं ऐकून मी काय विचारावं? "म्हणजे तू घाबरलास?"

"हो," दादा म्हणाला. "पाच जण मागे बसले होते, सुमे. घाबरायला कुणीतरी हवं होतं."

मला लाज वाटली. खरं लिहायचं तर त्याची लाज वाटली. कॉलेजात मैत्रिणींना मी सांगितलं की माझा भाऊ त्या ढगातून आरपार गेला. आज फ्लेक्सवाल्यांच्या नावानं बोटं मोडताना हे आठवतं. पहिला फ्लेक्स मीच छापला होता.

निवृत्तीनंतर गावच्या शाळेनं त्याला प्रजासत्ताक दिनाला पाहुणा म्हणून बोलावलं. दादानं मुलांना ती दरीच सांगितली. खडू घेऊन फळ्यावर वाकण काढलं आणि म्हणाला, "इथं फिरायचं. इथून पुढं शहाणपण आलं तरी कामाचं नाही." मुलं मान वर करून ऐकत होती. संस्थेचे अध्यक्ष मात्र खुर्चीत चुळबुळत होते. पुढच्या वर्षी निमंत्रण आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दादा हसण्यावारी न्यायचा. पण दर वर्षी जानेवारी लागला की त्याच्या ब्लेझरला इस्त्री झालेली असायची, हे वहिनीनं मला तो गेल्यावर सांगितलं. ज्या शाळेनं तो जिवंत असताना दार लावून घेतलं, तिनं मेल्यावर त्याला डोक्यावर घेतलं. याला काय म्हणावं!

चौदाव्या दिवशी त्याच शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. भिंतीवर पेंटर चढलेला, फ्लेक्सवरचंच लढाऊ विमान ताज्या रंगात उतरत होतं. सभागृहाला दादाचं नाव देणार होते. एकामागून एक वक्ते उठले आणि दादानं कधी न टाकलेले बॉम्ब टाकत सुटले. एकानं तर त्याला शत्रूच्या मुलखात उतरवून परतही आणलं. वहिनी माझा हात दाबून म्हणाली, "जाऊ द्या, वन्सं." पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, माझ्यानं जाऊ देववेना. उठले आणि सांगितलं, दादानं एकही बॉम्ब टाकला नाही, त्यानं पीठ टाकलं, आणि एकदा पाच माणसांसाठी तो परत फिरला. नाव द्यायचं तर या माणसाचं द्या.

अध्यक्षांनी माइक घेतला. आवाज अगदी मऊ. "बाई, तुमचं दुःख आमाला कळतंय. पण पोरांम्होरं माघारीचं कशाला?"

टाळ्या पडल्या. मी खाली बसले. त्या टाळ्या अजून कानात आहेत.

मागच्या आठवड्यात दादाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ आले. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीतून दोन गाड्या बदलून आले होते. नाव देवराम. दादाच्या विमानात मागे बसून गोण्या ढकलणाऱ्यांपैकी एक. बातमी त्यांना उशिरा कळली होती. पोर्चमध्ये दादाची स्कूटर उभी होती. तिच्यापाशी ते थबकले. मग डावीकडून सावकाश तिच्याभोवती फिरले, वाकून दोन्ही टायरांना हात लावला, हँडल हलवून पाहिलं. वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादा रोज अगदी असंच करायचा, भाजी आणायला निघाला तरी.

"सायब इमानाला आशीच फेरी मारायचं," देवराम म्हणाले. "आमी आत बसून कटाळायचो. लई येळ लावत्यात म्हनायचो." मग हँडलवर हात ठेवून, "त्या दिवशी सायब फिरलं. माझं लगीन व्हायचं हुतं तवा."

मी त्यांना विचारलं, आमच्या शाळेत याल का? ते म्हणाले, "चला की."

सभागृहात मुलांपुढे उभे राहून देवरामांनी आधी भिंतीवरचं विमान नीट पाहिलं. "ह्ये आमचं न्हाई," ते म्हणाले. "आमचं पोट सुटलेलं हुतं, पीठ हुतं त्याच्यात." मग त्यांनी दरी सांगितली, वाकण सांगितलं. शेवटी अध्यक्षांकडे वळून, राग नाही, काही नाही, सरळ म्हणाले, "तुमी माघार म्हना, न्हाईतर काय बी म्हना. मला तीन पोरं हायेत. सात नातवंडं हायेत." अध्यक्ष मोबाईल बघत होते. विमान भिंतीवर आहे तसंच आहे, पुसणार नाहीत ते. पण सोमवारी मुख्याध्यापिकेचा फोन आला. म्हणाली, सातवीची मुलं मधल्या सुट्टीत जमिनीवर खडूनं ती दरी काढून खेळतात, आणि वाकणापाशी जो फिरत नाही तो बाद.

स्कूटर वहिनीनं मला दिली. निघण्याआधी मी डावीकडून तिच्याभोवती एक फेरी मारते, वाकून टायरांना हात लावते. परवा शेजारच्या काकूंनी फाटकातून विचारलं, "रोज काय बघता हो बाई? काही बिघडलंय का?"

"नाही," म्हटलं. "परत यायचंय."